पितृगौरव : पाचव्या आज्ञेवर एक पाठ



आईविषयी बोलावयाचे झाले म्हणजे आपल्या महाराष्ट्रात शब्दांची वाण कधी पडत नाही. जात्यावरच्या ओव्या तिच्या, पाळण्यावरची गाणी तिची. आपल्या खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात काही वर्षे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, आणि तेव्हापासून मराठी मुलास आईचे ऋण कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. ह्यात काहीच वावगे नाही. परंतु बापाविषयी आपण मुके असतो. बाप म्हणजे फी भरणारा, रागे भरणारा आणि दिवस मावळल्यावर दमून घरी येणारा मनुष्य, एवढ्यावरच पुष्कळांची पितृभक्ती संपते.

पश्चिमेकडे ह्या उणिवेवर एक उपाय काढण्यात आला. अमेरिकेतील स्पोकेन शहरी राहणाऱ्या सोनोरा डॉड ह्या बाईंनी १९०९ साली आपल्या मंडळीत मातृदिनाचा उपदेश ऐकला. त्यांची स्वतःची आई पुष्कळ आधी वारली होती, आणि धाकट्या भावंडांस लहानाचे मोठे केले होते ते वडिलांनी, एका वृद्ध सैनिकाने. तेव्हा बापासाठीही एखादा दिवस का असू नये, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९१० च्या जूनमध्ये त्या गावी पहिला पितृदिन झाला. पुढे १९७२ साली त्या देशात त्यास कायद्याची मान्यता मिळाली. आज जूनचा तिसरा रविवार आपल्याकडील मंडळ्यांतही पाळला जातो. परंतु पिंपळनेरच्या पंचक्रोशीत तो रविवार कोठे येतो पाहा! मृगाचा पाऊस पडून गेलेला असतो, शाळा नुकती उघडलेली असते, आणि ज्याचा सन्मान करावयाचा तो बाप पाभर धरून शेतात असतो. हाती फूल घेण्यास त्यास सवड नसते. तेव्हा एका दिवसाने भागणार नाही. आज्ञा काय म्हणते हेच आपण नीट पाहिले पाहिजे.

आज्ञेतील शब्द

ही आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात बाराव्या वचनात आहे, आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ती पुन्हा आली आहे. दहा आज्ञांपैकी पहिल्या चार देवाविषयी आहेत व शेवटल्या पाच शेजाऱ्याविषयी. आईबापांविषयीची ही आज्ञा दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर उभी आहे. जो ती ओलांडून जातो त्याची देवभक्ती आणि त्याचा शेजारधर्म ह्या दोहोंविषयी शंका घ्यावी लागते.

आपल्या मराठी शास्त्रात ह्या आज्ञेत 'मान' हा शब्द आहे. मूळ इब्री भाषेतील शब्द 'कब्बेद' हा होय, व त्याच्या धातूचा अर्थ 'जड असणे' असा आहे. देवाच्या गौरवास इब्रीत 'काबोद' म्हणतात तो शब्दही ह्याच धातूचा. आणि येथे आपल्या भाषेचे नवल वाटते. 'गौरव' हा आपला शब्द 'गुरु' ह्यापासून झाला, आणि 'गुरु' म्हणजेही जड! अमक्याच्या शब्दास गावात वजन आहे असे आपण म्हणतो, अथवा अमक्याने तमक्यास हलके लेखले असे म्हणतो, तेव्हा नकळत आपण त्या प्राचीन आज्ञेच्याच भाषेत बोलत असतो. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात बापास शाप देणाऱ्याविषयी जो कठोर नियम आहे, तेथील शापाचा मूळ शब्दही 'हलके असणे' ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. म्हणजे जीभ उचलून शिव्याशाप दिले तरच आज्ञा मोडते असे नव्हे. मनाच्या तराजूत बापाचे पारडे वर गेले की ती मोडलीच.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरा. ही आज्ञा केवळ लहान मुलांसाठी दिलेली नाही. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी उभे होते ते इस्राएलातील कर्ते पुरुष, आणि त्यांच्या तंबूंत म्हातारे आईबाप होते. लहानपणी बाप आपोआपच जड वाटतो, कारण त्याचा हात जड असतो. आज्ञेची खरी कसोटी लागते ती पुढे, मुलगा बापाहून अधिक शिकतो, अधिक मिळवितो, अधिक शुद्ध बोलतो तेव्हा. शाळेचा तराजू निराळा असतो. त्यात गुण, इंग्रजी आणि कपडे मोजतात. त्या तराजूत आमच्या खेड्यांतील बहुतेक बाप हलके ठरतात. हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो ते ह्याच कारणाने, आणि त्याची कबुली प्रथम आम्हीच दिली पाहिजे.

आमचा अपराध

आमचे वडील पांझरेच्या काठच्या एका गावी पाटकरी होते. बंधाऱ्यातून निघणाऱ्या पाटाचे पाणी ज्याच्या त्याच्या शेतास पाळीप्रमाणे सोडणे हे पाटकऱ्याचे काम. रात्री-बेरात्री हातात कंदील व खांद्यावर फावडे घेऊन ते पाटाच्या कडेने फिरत. त्यांस अक्षर येत नव्हते, परंतु कोणाचे बारे केव्हा संपले आणि कोणाचे केव्हा लागले हे त्यांच्या डोक्यात पक्के असे. आम्हांस त्यांनी मिशनच्या वसतिगृहात ठेविले.

आम्ही चौदा वर्षांचे असताना ते एके दुपारी आम्हांस भेटावयास आले. गुडघ्यापर्यंत धोतर, पायांस चिखल, आणि हाती फडक्यात बांधलेल्या भाकरी व मिरचीचा ठेचा. आमच्याबरोबर तीन-चार सोबती होते. कोणाचे वडील कारकून, कोणाची आई दवाखान्यात परिचारिका. एकाने विचारिले, "हे कोण रे?" आम्ही उत्तर दिले, "आमच्या गावचे पाटकरी."

वाक्यात खोटा असा एकही शब्द नव्हता. ज्यांना सत्य बोलावयाची सवय लावलेली असते, ते खोटे बोलावयासही सत्याचेच शब्द शोधतात. वडील दोन पावलांवरच उभे होते. त्यांनी ते ऐकिले. आम्हांस वाटले, आता हे काहीतरी बोलतील. त्यांनी सोबत्यांकडे पाहून मान हालविली व म्हणाले, "हां, पाटकरीच शे मी." मग गाठोडे आमच्या हाती देऊन म्हणाले, "भाऊ, भाकरी खाई ले. मी जास मंग." आणि तिसऱ्या प्रहरच्या मोटारीने ते परत गेले. त्यानंतर आमचे शिक्षण पुरे होईपर्यंत ते वसतिगृहात कधी आले नाहीत. भाकरी येत राहिल्या. पण येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती.

नोहाची गोष्ट तुम्ही शब्बाथ शाळेत ऐकिली आहे. बाप तंबूत उघडा पडला असता हामाने ते पाहून बाहेर जाऊन सांगितले. पण शेम व याफेथ ह्यांनी पाठमोरे चालत जाऊन त्यास झाकिले. आमच्या बाबतीत उलटे घडले. उघडे पडलो होतो आम्ही, आणि बापाने आम्हांस झाकिले.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षे जगले. आम्ही पदवीधर झालो, शिक्षक झालो, त्यांस औषधपाणी केले, नवे धोतर नेले. परंतु त्या दुपारची क्षमा आम्ही मागितली नाही. त्यांस आठवत नसेल, अशी आम्ही मनाची समजूत घालीत असू. त्यांच्या अंत्यविधीस पाटाखालचे सर्व जातींचे शेतकरी आले. त्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, "टंचाईच्या वर्षी पाण्यावरून तंटे व्हायचे, तेव्हा पंचांच्या आधी लोक विचारायचे, पाटकरी काय म्हणतो? त्याने म्हटले की तेच खरे." साऱ्या फडात ज्यांच्या शब्दास वजन होते, त्यांस त्यांच्या पोटच्या मुलाने चार सोबत्यांपुढे हलके केले होते! तेव्हा आम्ही क्षमा मागितली, पण ऐकणारा निघून गेला होता. म्हणून तुम्हांस सांगतो, ही आज्ञा पाळावयाची तर बाप जिवंत आहे तोवर पाळा.

योसेफाने काय केले

आता आमच्या वागणुकीशेजारी योसेफाची वागणूक ठेवून पाहा. उत्पत्तीच्या शेहेचाळीस व सत्तेचाळीस ह्या अध्यायांत ती आहे. योसेफ मिसर देशाचा मुख्य अधिकारी होता. फारोच्या खालोखाल त्याचाच अधिकार. त्याचा बाप याकोब मेंढपाळ होता, आणि मिसरी लोकांस मेंढपाळांचा विटाळ वाटे, असे शास्त्रात स्पष्ट लिहिले आहे. दुष्काळात हा म्हातारा मुलानातवंडांसह मिसरात आला. योसेफाच्या मनात आले असते तर त्याने सर्वांची सोय दूर गोशेनात गुपचूप लावून दिली असती. धान्य पोहोचते केले असते, आणि दरबारात कोणास काही कळू दिले नसते. पुष्कळ शिकलेले मुलगे असेच करितात. दरमहा पैसे धाडितात आणि बापास आपल्या दारी येऊ देत नाहीत.

योसेफाने रथ जुंपिला व तो स्वतः सामोरा गेला. भावांस त्याने शिकविले की, फारोने धंदा विचारिल्यास तुम्ही पशुपालक आहां हे उघड सांगा. आणि मग एकशे तीस वर्षांच्या त्या मेंढपाळास त्याने आत नेऊन सिंहासनापुढे उभे केले. त्याच क्षणी त्याने आपल्या पदाचे सर्व वजन बापाच्या पारड्यात टाकिले. पुढे काय झाले? त्या निर्वासित म्हाताऱ्याने मिसरच्या राजास आशीर्वाद दिला! ज्यास आपण सावरून घ्यावे असे वाटते तोच पुष्कळदा आशीर्वाद देणारा असतो.

लक्षात घ्या, याकोब काही निर्दोष बाप नव्हता. त्याने एका मुलावर अधिक प्रीती केली व त्यामुळे घरात वैर माजले. त्याचे दुःख योसेफानेच सर्वांत अधिक भोगिले. तरी आज्ञेत बाप चांगला असल्यास अशी अट नाही, हे योसेफ आज्ञा दिली जाण्यापूर्वीच ओळखून होता.

दोन अडचणी

येथे विचारी मुलांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात.

पहिला असा की, बापाचा धर्म निराळा असेल तर? आपल्या वर्गात अशी मुले आहेत. प्रभूने तर आईबापांहून आपणावर अधिक प्रीती करावयास सांगितले आहे. ह्याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे निष्ठावंत वैदिक ब्राह्मण. स्त्रियांस संस्कृत शिकविणे त्या काळी पाप समजत असता त्यांनी आपल्या पत्नीस शिकविले, आणि तिने पुढे कन्येस शिकविले. त्यासाठी त्यांनी पंडितांचा रोष पत्करिला व गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तेथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे तीर्थयात्रा करीत असता दारिद्र्य आले, दुष्काळ आला, आणि अन्नावाचून कुटुंब खंगले. रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत वडिलांचा निरोप सांगितला आहे. दृष्टी गेलेल्या त्या वृद्धाने ह्या धाकट्या मुलीस कवटाळून, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, त्याचीच होऊन राहा, अशा आशयाचे शब्द उच्चारिले.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पित्याच्या धर्माहून त्यांची वाट वेगळी झाली. परंतु त्यांनी पित्यास हलके केले नाही. ग्रंथांच्या पांडित्याहूनही जड असे ते अखेरचे शब्द त्यांनी जन्मभर जवळ बाळगिले. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातील अनाथ मुलींस त्यांनी आश्रय दिला व अक्षर शिकविले, आणि मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून मराठी शास्त्राचे भाषांतर १९२२ साली मृत्यूच्या आधी पुरे केले. कन्येस विद्या द्यावी असा ध्यास घेतलेल्या बापाचेच ते पीक नव्हे काय? प्रभूवर अधिक प्रीती करणे म्हणजे बापावर कमी करणे नव्हे. प्रभूची प्रीती पहिली झाली म्हणजे बापावरची प्रीती तिच्या जागी नीट बसते.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. बापाने आपणास दुखविले असेल तर? येथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घराकडे पाहू. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. त्या वेळी पत्नी लक्ष्मीबाई आणि १८९१ साली जन्मलेला मुलगा देवदत्त हे मागे राहिले. लोकनिंदा, ताटातूट आणि परक्या घरचा आसरा हे सारे त्या चार वर्षांच्या मुलाच्या वाट्यास आले, व घर पुन्हा एकत्र येण्यास काही वर्षे लागली. टिळक थोर कवी होते, उदार होते, परंतु तापट आणि लहरीही होते. हे आपणास कशावरून ठाऊक? घरच्याच माणसांनी सांगितल्यावरून. टिळक १९१९ साली वारले. पित्याचे चरित्र लिहावे ह्या हेतूने देवदत्तांनी आईस आठवणी लिहून काढावयास लाविले, आणि त्यांतून १९३४ ते १९३६ ह्या काळात 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात टिळकांचा राग झाकिलेला नाही, त्यांचे सांगितल्यावाचून निघून जाणे झाकिलेले नाही, हातचे सारे दुसऱ्यास देऊन टाकून घर उपाशी ठेवणेही झाकिलेले नाही. असे असता ग्रंथ मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयी आदर वाढतो.

टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि १९३६ साली त्याही गेल्यावर मुलाने ते पुरे करून १९३८ साली प्रसिद्ध केले. बापाचे उणे खरेपणाने सांगू देणे आणि बापाचे अपुरे काम आपल्या हातांनी पुरे करणे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच मुलाने केल्या. ह्यावरून आपण शिकावे ते हे की, मान राखणे म्हणजे खोटी स्तुती करणे नव्हे. खोट्या स्तुतीने मनुष्य जड होत नाही, फुगतो मात्र.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या घरी दारू आहे, मारहाण आहे, तेथील मुलाने मुकाट्याने मार खात राहावे असे ही आज्ञा सांगत नाही. अशा मुलाने आपल्या शिक्षकास, पाळकांस अथवा घरच्या जाणत्या मनुष्यास विश्वासाने सांगावे. तसे करणे हा बापाचा अपमान नव्हे. बुडत्यास हात देण्यासाठी दुसऱ्यास हाक मारणे आहे. हामाचा दोष त्याने पाहिले हा नव्हता. त्याला वस्त्र आणण्याचे सुचले नाही, हा होता.

देवाच्या नावाने पळवाट

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने शास्त्री व परूशी ह्यांस एका बाबतीत फार कडक शब्दांत दोष दिला आहे. कोणी मनुष्य आपल्या मालमत्तेस 'कुर्बान', म्हणजे देवास वाहिलेली, असे म्हणे, आणि मग वृद्ध आईबापांस त्यातून काही देण्याची गरज नाही असे ते लोक ठरवीत. बापास उपाशी ठेवून देवास दान! प्रभूने ती पळवाट बंद केली.

आम्हां शिक्षकांस, उपदेशकांस व मंडळीच्या सेवकांस ह्या पळवाटेची विशेष भीती आहे. सभा, उपासना, परिषदा ह्यांत आम्ही इतके गुंततो की खेड्यातील म्हाताऱ्यास भेटावयास नाताळावाचून फुरसत होत नाही. प्रभूने स्वतः काय केले? नासरेथास तो आईबापांच्या आज्ञेत राहिला असे लूक सांगतो. आणि हा सुताराचाच मुलगा ना, असे लोकांनी त्यास हिणविले तेव्हा ते नाते नाकारणारे अक्षरही त्याच्या मुखातून निघाले नाही.

पित्यांस दोन शब्द

हे वार्षिक मुलांच्या हातून पालकांच्याही हाती जाते, म्हणून त्यांसही दोन शब्द. पौलाने इफिसकरांस लिहिताना मुलांस ही आज्ञा सांगितली आणि तेथेच, चौथ्या वचनात, बापांस बजाविले की मुलांस चिडीस आणू नका. कलस्सैकरांस लिहिताना त्याचे कारणही तो देतो: मुलांचे मन खचते. आज्ञा मुलावर मान देण्याचे ओझे टाकिते. ते ओझे वाहता येईल असे करणे बापाच्या हाती आहे. परीक्षेत कमी गुण पडले म्हणून चारचौघांत मुलाचा पाणउतारा करणारा बाप त्यास हलके लेखण्याचाच धडा देत असतो, आणि पुढे तो धडा त्यासच परत मिळतो.

आज्ञेस जोडलेले अभिवचन

ह्या आज्ञेस अभिवचन जोडलेले आहे ते भूमीचे: देवाने दिलेल्या देशात दीर्घकाळ वस्ती. त्याचा अर्थ आम्हांस पुस्तकाहून पांझरेने अधिक चांगला समजाविला. ह्या नदीवर जागोजाग जुने बंधारे आहेत, आणि त्यांवर फड पद्धतीची शेती शेकडो वर्षांपासून चालत आलेली आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो. पाटाखालची जमीन काही फडांत वाटलेली असते, आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. बहुधा प्रत्येकाचा तुकडा निरनिराळ्या फडांत असतो, म्हणून पाणी तुटले तरी तोटा सर्वांस वाटून जातो. पंच कारभार पाहतात. हवालदार, पाटकरी, जागल्या, बारेकरी असे नेमलेले लोक काम करितात. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढावयाचा, बंधाऱ्याची डागडुजी करावयाची. सरकारी हुकुमावाचून हे पिढ्यान्‌पिढ्या चालले, ते कशाच्या बळावर? बापांनी घातलेल्या नियमास मुलांनी वजन दिले म्हणून. ज्या वर्षी मुले म्हणतील की हा गाळ आम्ही का काढावा, त्या वर्षापासून पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचणार नाही. वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, आणि आज पुष्कळ ठिकाणी फड मोडकळीस आले आहेत. तरी शिकवण तीच राहते. जी पिढी मागल्या पिढीचे काम हलके समजते, तिच्या पायाखालची भूमी फार दिवस ओली राहत नाही. दीर्घायुष्याचे अभिवचन ताइतासारखे गळ्यात बांधावयाचे नाही. ते पाटाच्या पाण्यासारखे आहे, वाट मोकळी ठेवली तर येते.

शेवटी एक अलीकडची गोष्ट सांगून हा पाठ संपवितो. आपल्या साक्री-नवापूरकडील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी दक्षिण गुजराथेत जातात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, आणि कोयता चालवून ती फेडावयाची. त्या उचलीतून मुलांची वह्यापुस्तके होतात हे मुलांस पुष्कळदा ठाऊकही नसते. अशाच एका मुलाचे वडील टोळीबरोबर जाण्यापूर्वी मुलास पाहावयास फाटकाशी आले. खांद्यावर पोते, पोत्यातून कोयत्याची मूठ डोकावत होती. मुलाबरोबर सोबती होते. एकाने विचारिले, आणि मुलगा म्हणाला, "ओळखीचे आहेत."

आम्ही व्हरांड्यात उभे होतो. तीस वर्षांपूर्वीची ती दुपार पुन्हा समोर आली. मुलास रागे भरण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आम्ही खाली गेलो, त्या गृहस्थांस रामराम केला, त्यांचे पोते उचलून आत आणिले, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांस खुर्ची दिली. ते काठावर अंग चोरून बसले. मुलास आम्ही पाणी आणावयास सांगितले. तो तांब्या घेऊन आला तेव्हा दाराशी त्याचे सोबती उभे होते, दोन शिक्षकही होते. तांब्या वडिलांच्या हाती देऊन तो काही वेळ तसाच उभा राहिला. मग आम्हांकडे वळून, सर्वांस ऐकू जाईल असे म्हणाला, "सर, हे माझे वडील."

फारोच्या दरबारात योसेफ ह्याहून अधिक काही बोलला नसेल. जे आम्ही चौदाव्या वर्षी बोलू शकलो नाही ते ह्या मुलाने बोलून दाखविले, आणि त्याचे वडील खुर्चीत नीट टेकून बसले. मुलांनो, तुमच्या फाटकाशीही कोणी येईल. त्या वेळी हे चार शब्द तोंडी असू द्या.

मननासाठी प्रश्न

१. उत्पत्ती ४६ व ४७ हे अध्याय वाचा. योसेफाने बापाचा धंदा लपविला असता तर कोणाचे कोणते नुकसान झाले असते?

२. 'कुर्बान' म्हणून बापास द्यावयाचे चुकविण्याचे आपल्या घरी अथवा मंडळीत कोणते प्रकार आढळतात?

३. खोटी स्तुती आणि खरा मान ह्यांतील भेद देवदत्त टिळकांच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.

४. आपले वडील दिवसभर कोणते काम करितात, ते काम नीट होण्यास काय काय यावे लागते, हे त्यांसच विचारून एक पान लिहा, आणि ते त्यांस वाचून दाखवा.